शॉकअप गेलेली गाडी : नुसते गचके, की जिवाला धोका?

रानजाई

मंडळी, घरातला एक वाद मिटत नाहीये, म्हणून इथे मांडते. गणपतीला पुण्याहून गुहागरला जायचंय. आम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं आणि डिकी भरून सामान. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षांची, ८५ हजार किलोमीटर झालेली. हल्ली गतिरोधकावरून उतरलं की मागचा भाग दोन-तीनदा वरखाली होतो आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते.

दीर बऱ्याच महिन्यांनी गाडीत बसले आणि उतरताच म्हणाले, "वहिनी, शॉकअप गेलेत. या गाडीने घाट उतरू नका." गॅरेजवाले काका म्हणतात, "ताई, गचके बसतील तेवढेच. अजून वर्षभर आरामात निघेल." नवऱ्याचं म्हणणं, टायर गेल्या वर्षी नवे घातलेत, ब्रेकची काही तक्रार नाही, मग शॉकअप हा सोयीचा भाग झाला, सुरक्षिततेचा नाही.

मला दिरांचं पटतंय, पण का पटतंय ते सांगता येत नाही. शॉकअप झिजल्याने ब्रेक, वळण, पावसातली पकड यांत खरंच फरक पडतो का? अनुभव आणि माहिती दोन्ही हवी आहे.

शंकेखोर

तुमच्या यजमानांच्या बाजूने एक मत. अपघात होतात ते वेग, दारू, डुलकी आणि गुळगुळीत टायर यांच्यामुळे. "शॉकअप गेल्याने गाडी दरीत" अशी बातमी कोणी वाचली आहे का? सुटे भाग विकणाऱ्यांना आपल्याला घाबरवण्यात फायदा असतो, हेही लक्षात घ्या.

घाटमाथा

बातमीत "चालकाचा ताबा सुटल्याने" एवढंच असतं. ताबा का सुटला हे कोण तपासतं?

वाळूजकर

वाळूजला शॉकअपच्या कारखान्यात टेस्टिंगला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लांबेल, वाचून घ्या.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. स्प्रिंगचा स्वभाव असा की दाबली की उसळते, उसळली की परत दबते. झोपाळ्याला एक झोका द्या, तो आपोआप थांबायला किती वेळ घेतो? तसंच. हे हेलकावे मारून टाकायचं काम शॉकअपचं. आत एक दांडा असतो, त्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक झडपा आणि भोवती तेल. चाक वरखाली झालं की तेल त्या झडपांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि स्प्रिंगची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून शॉकअपला हात लावलात तर तो तापलेला लागेल. तापला म्हणजे काम करतोय.

झिजतं काय? सील झिजतं आणि तेल बाहेर यायला लागतं. झडपा सैल पडतात. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो. तेलावर दाब राहावा आणि त्याचा फेस होऊ नये, म्हणून. तो दाब गेला की खडबडीत रस्त्यावर तेल फेसाळतं, आणि फेसातून पिस्टन अगदी सहज फिरतो. म्हणजे नेमका वाईट रस्ता आला की शॉकअप काम सोडतो.

आता सुरक्षितता कुठे आली? गाडी थांबवतो कोण? ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग हाताच्या पंजात मावेल एवढाच असतो. गाडीची बॉडी सेकंदाला एखादा-दीड हेलकावा घेते, तो आपल्याला कळतो. चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थडथडतं, ते आत बसून कळतही नाही. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर दाबून न राहता टपटप उडत जातं. जेवढा वेळ ते हवेत किंवा अर्धवट टेकलेलं, तेवढा वेळ ब्रेक नाही आणि स्टीअरिंगही नाही. नवे टायर आणि उत्तम ब्रेक त्या क्षणी बिनकामाचे.

रानजाईताई, यजमानांना एवढंच सांगा: शॉकअप माणसांना बसणारे गचके कमी करतो हे त्याचं दुय्यम काम. चाक जमिनीला धरून ठेवणं हे मुख्य.

मोगरा_बट

इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

शंकेखोर

वाळूजकर, समजावलंत छान. पण गुळगुळीत, कोरड्या रस्त्यावर झिजलेल्या आणि नव्या शॉकअपच्या गाडीचं थांबण्याचं अंतर जवळपास सारखंच येतं, हेही सांगा ना. चाक उडायला आधी काहीतरी उंचसखल लागतं.

वाळूजकर

बरोबर, सपाट रस्त्यावर फरक थोडा असतो. पण आपण जोरात ब्रेक कुठे लावतो ते बघू. टोलनाक्याआधी, शाळेआधी, गावात शिरताना. तिथे काय असतं? रम्बलरच्या पट्ट्या. घाटात हेअरपिनच्या आधी काय असतं? जड गाड्या रोज तिथेच ब्रेक लावतात म्हणून डांबर सरकून त्याच्या लाटा झालेल्या असतात. ज्या ठिकाणी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तिथेच रस्ता चाकाला उडवतो. तुम्ही म्हणता तो गुळगुळीत रस्ता ब्रेक लावण्याच्या जागी क्वचित भेटतो.

आणि एबीएस. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या कारला तो आहे. चाक लॉक होतंय असं सेन्सरला वाटलं की एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो. ब्रेक दाबलेला असताना चाक उडालं तर हवेत ते चटकन थांबतं, कारण त्याला फिरवत ठेवणारा रस्ताच खाली नाही. एबीएसला वाटतं लॉक झालं, तो ब्रेक सोडतो, तेवढ्यात चाक खाली टेकतं, पण ब्रेक सुटलेला. परत पकडेपर्यंत परत उडालं. पायाखाली पेडल थरथरतं आणि गाडी पुढेच जात राहते. एबीएस आहे म्हणून शॉकअप चालून जातील असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

शंकेखोर

लाटांचा मुद्दा पटला. ताम्हिणी घाटात मी स्वतः अनुभवल्यात त्या. तरीही पैसे मोजके असतील तर आधी टायर, मग ब्रेक, मग शॉकअप, हा माझा क्रम कायम.

वाळूजकर

मेलेला शॉकअप नवा टायर खातो, त्यामुळे त्या क्रमात तुम्ही टायर दोनदा विकत घेताय.

नागपुरी_संत्रं

समृद्धी महामार्गवाल्यांसाठी लिहून राहिलो. आपला मामला उलटा हाय. खड्डे नाहीत, घाट नाही, सरळ सिमेंटचा रस्ता, कारला १२०ची मर्यादा. लोकांना वाटते, इथं शॉकअपचं काय काम? पण सिमेंटच्या रस्त्याला सांधे असतात, साधारण साडेचार मीटरवर एक. १२० म्हणजे सेकंदाला तेहेतीस मीटर. हिशेब करा, सेकंदाला सात-साडेसात सांधे चाकाखालून जातात. तासन्‌तास. एकेक सांधा काहीच नाही, पण शॉकअप मेलेला असला तं चाक प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं नाचत राह्यते. टायर त्यानं तापते आणि जागोजागी घासते. आमच्याकडं उन्हाळ्यात रस्ता आधीच तव्यावानी, त्यात हवा जास्त-कमी. मग टायर फुटला म्हणून रस्त्याला शिव्या.

आणखी एक. १२०वर समोर कुत्रं आलं आणि स्टीअरिंग झटकन फिरवून परत सरळ केलं, तं चांगली गाडी एकदा कलते आन्‌ सरळ होते. शॉकअप गेलेली गाडी तिकडून इकडे जास्त जोरात झोकते. दुसऱ्या झोक्यातच गाडी जाते भाऊ. लेन बदलताना गाडी तरंगल्यावानी वाटली तर ८०च्या वर जाऊ नका आणि घरी आल्यावर पहिले शॉकअप दाखवा.

तिरफळ

पण साध्या माणसाने ओळखायचं कसं? बॉनेट दाबून सोडायचं एवढंच माहीत आहे.

पाटाकमान

नमस्कार. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. बॉनेट दाबण्याची परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. एक कोपरा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन एकदा खाली बसली आणि थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप नक्की गेला. पण डोलली नाही म्हणजे चांगला, असं मात्र म्हणता येत नाही. आपण हाताने हळू दाबतो, रस्ता फार जोरात दाबतो. शिवाय बुशचं (सांध्यांतल्या रबराचं) आणि स्ट्रटचं (स्प्रिंगसकट बसवलेल्या पुढच्या शॉकअपचं) स्वतःचं घर्षण असतं, ते अर्धमेल्या शॉकअपला झाकून नेतं.

म्हणून चार गोष्टी सोबत बघाव्यात. चाकाच्या मागे वाकून शॉकअपच्या नळकांड्याकडे बघा. तेलाचा हलका ओलसर थर आणि त्यावर धूळ, हे चालतं. तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल तर सील गेलं. मग टायरच्या तोंडावर तळहात आडवा फिरवा. मध्येच उंच, मध्येच खोल असे टप्पे लागले तर चाक उडत चाललंय, जिथे टेकतं तिथे घासतंय. हेच बॅलन्सिंग बिघडल्यानेही होतं, म्हणून आधी बॅलन्सिंग करून घ्या. ब्रेक लावला की नाक किती खाली जातं ते शेजारच्याला बाहेर उभं करून बघायला सांगा. आणि रात्री हेडलाइटचा झोत बघा. लहान उंचवट्यानंतरही झोत समोरच्या झाडांवर वरखाली होत राहिला तर समजा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो झोत येतो, तो धोका वेगळाच.

मी तरुण असताना एसटीला पुढेमागे पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच हेलकावे बरेचसे मरतात. त्यामुळे शॉकअप कमकुवत झालेली गाडीही फार झोकत नसे. "आमच्या ट्रॉलीला शॉकअपच नाही तरी चालते" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती ट्रॉली पाट्यावर आणि पंधरा-वीसच्या वेगावर चालते. तुमच्या कारला गोल स्प्रिंग आहे. गोल स्प्रिंग स्वतःचा हेलकावा मारत नाही, तिला शॉकअपशिवाय कोणी वाली नाही.

गावठी_आंबा

पाटाकमान काका, पाट्यांवरून आठवलं. लहानपणी कुंभार्ली घाटात लाल डब्यात मागच्या सीटवर बसायला आम्ही भावंडं भांडायचो. उडायला मिळायचं म्हणून! एकदा भाऊ उडून थेट पुढच्या आजोबांच्या मांडीवर. आजोबांनी त्याला चिपळूणपर्यंत तिथेच बसवून घेतलं आणि शेंगदाणे खायला दिले.

पाटाकमान

मागच्या धुरीच्या पाठी बसलं की तेवढं उडणारच. म्हाताऱ्या माणसांना आम्ही कायम दोन धुऱ्यांच्या मध्ये बसवायचो.

सातारकर_टूर्स

माझ्या प्रवासी गाड्या आहेत, महाबळेश्वर, कोकण, पंढरपूर करतात. धंद्यातला अनुभव लिहितो. कंपन्या म्हणतात २० हजार किलोमीटरला तपासा आणि ८०च्या आसपास बदला. आमच्या कोकणातल्या गाड्यांना ८० कधीच निघत नाहीत, ५०-६०लाच मागचे जोड जातात. उलट एक्स्प्रेस वेवर फिरणारी गाडी लाखाच्या वरही ठणठणीत असते. किलोमीटरपेक्षा रस्ता आणि ओझं बघा. डिकीत सीएनजीची टाकी असलेल्यांनी तर मागच्या शॉकअपचा हिशेब वेगळाच धरावा, ते वजन रिकाम्या गाडीतही कायम मागे असतं.

रानजाईताई, तुम्ही आता एकट्याने शहरात चालवताना जे जाणवतंय ते भरलेल्या गाडीत वाढणार. पाच माणसं आणि सामान म्हटलं की वजन वाढलं, पण ते आवरणारा शॉकअप तोच, तोही थकलेला. मग गाडी खड्ड्यात जंपिंग रबरवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन आपटते. आपटली की मागचं चाक बाजूला सरकतं. आंबेनळी घाटात उतारावर, ओल्या वळणात हे झालं तर सावरायला जागा नसते.

बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना घातलात तर गाडी एका बाजूला चांगली वागते आणि दुसऱ्या बाजूला नाही. पुढचे बदलले की व्हील अलाइनमेंट करायचीच. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळू नयेत, चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. आडवा ठेवलेला नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाचदा पंप करून घ्यायला सांगा, आतली हवा निघते. हे न करणाऱ्याकडे काम देऊ नका.

चुलीवरचं_पिठलं

स्प्रिंगच्या मध्ये घालायचे रबराचे बफर मिळतात ऑनलाइन. आमच्या शेजाऱ्यांनी घातले, म्हणे गाडी उंच झाली, खाली घासत नाही, शॉकअपचा खर्च वाचला. घालावेत का?

वाळूजकर

नाही. बफर स्प्रिंगला ताठ करतो, शॉकअपचं काम करत नाही. ताठ स्प्रिंग जास्त जोरात उसळते आणि ती उसळी आवरायला शॉकअप अजून जास्त लागतो. म्हणजे थकलेल्यावर ओझं वाढवलं. शिवाय स्प्रिंगचे दोन वेढे बफरने अडवले की सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो, तिथे ती तुटू शकते. गाडी उंच झाली की तोलही वर जातो, वळणावर अजून कलते. शेजाऱ्यांना काढायला सांगा.

चुलीवरचं_पिठलं

सांगितलं. त्यांचं उत्तर, "गाडी छान दिसते." आता त्यांना हा धागा छापून देते.

ब्रिस्टलकर

इकडे इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी. त्यात शॉकअप बघतात. तेल जोरात गळत असेल, किंवा तो इतका बिघडलेला असेल की काम करत नाही, तर मोठा दोष धरून गाडी नापास. नापास म्हणजे दुरुस्त करून परत आणायची. माझी पहिली सेकंडहँड गाडी मागच्या एका शॉकअपवरूनच नापास झाली होती. तेव्हा मलाही ते अति वाटलं होतं. पण पावसाळी मोटरवेवर आधीची आणि नंतरची गाडी चालवल्यावर पुन्हा तसं म्हणालो नाही.

घाटमाथा

आणि आपल्याकडे? खाजगी कार पंधरा वर्षांची होईपर्यंत तिच्या चाकाखाली वाकून बघायला कायद्याने कोणी येत नाही. पीयूसी काढा, विमा भरा, झालं. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी, मग दर पाच वर्षांनी. सातारकरांच्या टूरच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा फिटनेस, पुढे दरवर्षी. पण जिच्यात आपली पोरंबाळं बसतात त्या गाडीला काहीच नाही. मला याची खरंच चीड येते. धुरासाठी तपासणी असते, मग चाक जमिनीवर टेकतंय का यासाठी का नको?

शंकेखोर

इथे मी घाटमाथांशी पूर्ण सहमत. तपासणीचं यंत्र असतं का पण? डोळ्यांनी बघून तर अर्धमेला शॉकअप कळत नाही, असं पाटाकमान काकाच म्हणाले.

वाळूजकर

असतं. युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या युसामा या संघटनेने पद्धत ठरवून दिली आहे. चाक एका पाटावर उभं करायचं. पाट सहा मिलिमीटर वरखाली थरथरतो, सेकंदाला सुमारे पंचवीस वेळांपासून कमी होत होत थांबतो. त्या प्रवासात चाक पाटाला कमीत कमी किती जोराने टेकलेलं होतं ते मोजायचं, आणि गाडी स्थिर असताना टेकते त्याच्या ते किती टक्के ते काढायचं. ६०च्या वर म्हणजे उत्तम. २०च्या खाली म्हणजे त्या थरथरीत चाक जवळजवळ सुटतंय. डाव्या-उजव्या चाकांतला फरकही त्यातच कळतो. काम मिनिटाचं आहे आणि गॅरेजवाल्याच्या मतावर अवलंबून नाही. मोठ्या शहरांत काही टायरवाल्यांकडे, वर्कशॉपमध्ये हे यंत्र आहे, फोन करून विचारा.

गोंयकार

पावसाचं कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या गोव्यात चार महिने रस्ता पाण्याखालीच. पाण्याचा थर कापून टायरने रस्त्याला टेकायला दोन गोष्टी लागतात: टायरच्या खाचा आणि वरून सलग दाब. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या की टायर बाद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दाबाचं कोणाच्या डोक्यात येत नाही. चाक थडथडत असेल तर दाब क्षणाक्षणाला कमीजास्त होतो, आणि कमी झालेल्या क्षणी पाणी टायरखाली घुसतं. म्हणजे चांगल्या शॉकअपची गाडी ज्या वेगाला पाण्यातून सरळ जाते त्यापेक्षा कमी वेगाला ही तरंगायला लागते. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक लावायचा नाही, स्टीअरिंगही वळवायचं नाही, पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढायचा. गणपतीत तुम्हाला पाऊस गाठणारच, ताई.

दुचाकीस्वार

सगळे चारचाकीवालेच का? आमच्याकडे तर दोनच चाकं टेकतात. बाइकच्या पुढच्या फोर्कचं सील गेलं की तेल दांड्यावरून खाली येतं. डिस्क ब्रेक असेल तर तेच तेल डिस्कवर आणि पॅडवर. मग पुढचा ब्रेक दाबला की काहीच होत नाही. फोर्कच्या चकचकीत दांड्यावर तेलाची कडी दिसली तर पुसून दुसऱ्या दिवशी परत बघा. परत आली तर सील बदला, फोर्कचं तेलही बदला, आणि पॅडला तेल लागलं असेल तर पॅडही. धुऊन वापरू नका.

स्कूटरचा मागचा शॉकअप गेला की एकट्याला कळत नाही, मागे कोणी बसलं की कळतं. वळणावर मागून ढकलल्यासारखं होतं आणि हँडल हलकं पडतं.

मोगरा_बट

माझ्या स्कूटरचं हेच! मी बहिणीला म्हणत होते, तू नीट बस. ती बिचारी नीटच बसलेली. आज संध्याकाळी दाखवते.

तिरफळ

दिरांना एका फेरीत कळलं आणि रोज चालवणाऱ्याला नाही, हे कसं? आमच्या घरीही हेच झालं होतं.

पाटाकमान

शॉकअप एका दिवसात जात नाही, रोज थोडा थोडा जातो. चालवणाऱ्याचा हात त्याबरोबर बदलत जातो. वळणाआधी जरा आधी ब्रेक लावतो, गतिरोधकाला जरा जास्त हळू करतो. त्याचं त्यालाही समजत नाही. म्हणून तर बाहेरच्या माणसाला एकदा चालवायला द्यावी. डेपोत आम्ही चालक बदलला की त्याच्याकडून मुद्दाम विचारून घ्यायचो, गाडी कशी लागली म्हणून.

आणि गतिरोधकांना शिव्या देताना थोडं त्यांच्या बाजूने. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच हवा, २५च्या वेगाने सहज ओलांडता यावा असा. तसा असेल तर गाडीला काही होत नाही. गल्लोगल्ली रातोरात घातलेले अरुंद, उंच बांध आहेत, ते शॉकअप मारतात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूजकर आणि पाटाकमान काकांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिले. एबीएसचा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि काही न बोलता गाडीची किल्ली घेऊन खाली गेला.

दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रावर तपासून घेतली. मागचं उजवं चाक २०च्या खाली, मागचं डावं थोडं वर. पुढची दोन्ही पन्नाशीत. मागच्या उजव्या शॉकअपला तेलाचा ओघळ खालपर्यंत होता, आणि टायरवर हात फिरवला तर टप्पे स्पष्ट लागत होते. म्हणजे गेल्या वर्षीचा नवा टायर खरंच खाल्ला गेलाय. मागचा जोड बदलला, सोबत जंपिंग रबर आणि बुश. बोल्ट चाकं टेकवून आवळायला मी तिथे उभं राहून सांगितलं. मेकॅनिकने वर बघून विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे शिकलात?"

चालवून बघितली. गतिरोधकावरून उतरली की एकदाच बसते. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या आता पाठीला बरं वाटतंय. पण मला जास्त जाणवला तो ब्रेक. मुळशीच्या रस्त्याला, मागे दुसरी गाडी नाही असं बघून, रम्बलरवर मुद्दाम दाबून बघितला. गाडी सरळ धरून थांबली.

पुढचे आत्ता बदलू का, की पन्नाशीत आहेत तर थांबू?

सातारकर_टूर्स

पुढचे थांबवा, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना. टॉप माउंटमधून, म्हणजे पुढचा शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो तिथून, स्टीअरिंग वळवताना कटकट आवाज यायला लागला तर लगेच दाखवा. नाहीतर पुढच्या सर्व्हिसला परत यंत्रावर घ्या. खाल्लेला टायर लगेच काढलाच पाहिजे असं नाही, आवाज सहन होत असेल तर मागे चालेल. खाचा संपत आल्या की काढा.

शंकेखोर

क्रम बदलतो. टायर आणि शॉकअप एकत्र, ब्रेक त्यांच्या बरोबरीने. रानजाई, प्रवास सुखाचा होवो.

घाटमाथा

एक राहिलं. काढलेले जुने शॉकअप कुठे आहेत, ताई?

रानजाई

वर्कशॉपमध्येच. का?

घाटमाथा

आणा ते परत. बाजारात "रिकंडिशन" म्हणून जे स्वस्त शॉकअप मिळतात ते असेच आलेले असतात. नळकांड्याला भोक पाडायचं, तेल भरायचं, वेल्डिंग मारायचं, काळा रंग द्यायचा. दोन-चार महिने बरे वाटतात. आतल्या झडपा झिजलेल्या त्या झिजलेल्याच. बहुतेक वेळा ते जातात वडापच्या जीपला, जिच्यात आत-बाहेर माणसं लटकलेली असतात.

वाळूजकर

अनुमोदन. दांडा वाकवल्याशिवाय भंगारात देऊ नका. गॅसचा असेल तर स्वतः कापायला किंवा भोक पाडायला जाऊ नका, आत दाब असतो. मेकॅनिकला तुमच्यासमोर पूर्ण बाहेर ओढलेला दांडा व्हाइसमध्ये धरून वाकवायला सांगा. एका मिनिटाचं काम आहे, आणि मग तो कोणाच्याच गाडीत बसत नाही.

रानजाई

उद्या सकाळीच जाते.